खडक आणि कठीण जागा

परदेशी मालिकांना मराठी सबटायटल्स लिहिण्याचं काम मी अंधेरीच्या एका कंपनीत बरीच वर्षं केलं. पडद्याच्या तळाशी जेमतेम दोन ओळी मिळतात आणि माणूस बोलून गप्प व्हायच्या आत त्या वाचून व्हाव्या लागतात. त्यामुळे इंग्रजी वाक्प्रचार आला की आमची पंचाईत व्हायची. ‘बिट्वीन अ रॉक अँड अ हार्ड प्लेस’ हा तर सारखा यायचा. पोलिसांच्या तोंडी यायचा, वकिलांच्या यायचा, नवरा-बायकोच्या भांडणातही यायचा. शब्दाला शब्द ठेवला तर एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला कठीण जागा. आम्ही लिहायचो ‘कात्रीत सापडलोय’, ‘पेचात आहे’, आणि अगदीच जागा नसली तर नुसतं ‘कोंडी झालीये’.

एकदा तो एका खाणकामगाराच्या तोंडी आला, तेव्हा मी तो मुळात कुठला ते शोधत बसले. ठामपणे कोणीच सांगत नाही. काही जण त्याला जुन्या ग्रीक दर्यावर्दींच्या गोष्टींपर्यंत मागे नेतात. पण हेच शब्द असेच्या असे पहिल्यांदा सापडतात ते शंभरेक वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत, अ‍ॅरिझोनाकडे, आणि तेव्हा त्यांचा अर्थ होता कफल्लक होणं. त्या भागात तांब्याच्या खाणी होत्या. कामगारांनी बरी मजुरी आणि बरी वागणूक मागितली, मालकांनी नकार दिला, आणि एका सकाळी संपकऱ्यांना बंदुकीच्या धाकाने मालगाडीत भरून लांब वाळवंटात नेऊन सोडलं. आत खाणीचा खडक आणि बाहेर उपासमार, तिथूनच हा वाक्प्रचार आला असं सांगतात. खरंखोटं मला माहीत नाही. पण मला ते पटलं. जो रोज खडक फोडतो त्याच्याच तोंडात खडक असा पटकन येणार.

आमच्या ऑफिसात मात्र हे शब्द आमच्या मॅनेजरच्या तोंडात असायचे. हा बोरिवलीचा, मराठी शाळेत शिकलेला. आम्ही बरोबरच नोकरीला लागलो, शेजारी बसून काम केलं, म्हणून एकमेकांना अरे-तुरे करायचो. मग तो वर चढला, काचेच्या केबिनमध्ये बसला आणि इंग्रजीशिवाय बोलेनासा झाला. कोणी पगारवाढ मागितली की तो खुर्ची मागे ढकलून म्हणायचा, “आय अ‍ॅम बिट्वीन अ रॉक अँड अ हार्ड प्लेस, यार.” सुट्टी मागितली तरी तेच. वरचे ऐकत नाहीत, खालचे समजून घेत नाहीत आणि हा बिचारा मध्ये. मी त्याला एकदा खाणीची गोष्ट सांगितली होती. “इंटरेस्टिंग,” म्हणाला आणि फोन उचलला.

आमची पॅन्ट्री ज्या सांभाळायच्या त्यांना सगळं ऑफिस मावशी म्हणायचं. त्या माझ्याच वयाच्या, पन्नाशीच्या, तरी मीही मावशीच म्हणायचे. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या. नवऱ्याची लहानशी बोट होती, दोघा भावांच्या मिळून. पावसाळ्यात दोन महिने मासेमारी बंद असते, बोटी ओढून किनाऱ्यावर ठेवतात, आणि तेव्हा घर मावशींच्या पगारावर चालायचं. त्यांचा चहा काही खास नव्हता, उलट साखर जास्तच असायची. पण मी मुलुंडहून लिंक रोडची ट्रॅफिक सोसून पोचले की त्या माझ्याकडे बघूनच कप पुढे करायच्या, आणि मी तिथेच ओट्याला टेकून तो प्यायचे. त्या दहा मिनिटांत आमच्या सुनांपासून गुडघ्यांपर्यंत सगळं बोलून व्हायचं. ऑफिसात मला मैत्रीण म्हणावी अशी तीच एक बाई होती. त्या मला कायम मॅडमच म्हणत राहिल्या, ते सोडा.

गेल्या जूनमध्ये एका बुधवारी मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. एक इंग्रजी नोटीस पुढे सरकवली आणि म्हणाला, “ह्याचं मराठी कर. सोमवारी लावायचीये.”

मी वाचली. पॅन्ट्री आणि साफसफाईची सगळी माणसं काढून ते काम बाहेरच्या कंत्राटदाराला द्यायचं ठरलं होतं. महिन्याची मुदत होती. नोटिशीची सुरुवातच त्या वाक्याने होती. कंपनी सध्या बिट्वीन अ रॉक अँड अ हार्ड प्लेस अशा अवस्थेत आहे, त्यामुळे जड अंतःकरणाने वगैरे वगैरे.

“हे तूच लिहिलंस ना?” मी विचारलं.

“ड्राफ्ट माझा आहे. का?”

“कंपनी कुठे आहे रे मध्ये? कंपनी खडक आहे.”

तो हसला नाही. “तू फक्त मराठी कर. आणि हे आत्ता कोणाला कळता कामा नये. कोणाला म्हणजे कोणालाच. तुझी चहाची दोस्ती मला माहितीये.”

दुसऱ्या दिवशी मी मराठी मजकूर दिला. खडक काढून टाकला होता. लिहिलं होतं, ‘खर्च कमी करण्यासाठी तुम्हाला कामावरून काढण्याचा निर्णय कंपनीने घेतला आहे.’ त्याने ते वाचलं आणि पेन टेबलावर आपटलं.

“हे काय आहे? असं लिहितात का?”

“असंच घडतंय ना?”

“तो इडियम कुठे गेला? आपली मजबुरी कळायला पाहिजे लोकांना.”

“मग ‘कंपनी कात्रीत सापडली आहे’ लिहू?”

त्याने क्षणभर विचार केला. “कात्री नको. कापाकापी वाटते.”

ते त्याने बरोबर ओळखलं होतं. कात्री म्हटलं की ती कोणाच्या तरी हातात असते. खडक मात्र आपला पडलेला असतो, त्याला कोणी तिथे ठेवलेला नसतो, त्यात कोणाची चूक नसते. म्हणूनच त्याला खडक हवा होता. मी हे बोलले नाही. “मला नाही जमणार,” एवढंच म्हटलं. तो म्हणाला, “ठीक आहे, मशीनकडून करून घेतो.” आमची निम्मी सबटायटल्स तोवर मशीनच करायला लागलं होतं, आम्ही फक्त त्याच्या चुका काढायचो.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं. तो सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, सरळ माणूस. भाजी निवडत होता, हात न थांबवता म्हणाला, “तू गप्प बस. महिना मिळतोय त्यांना. तू सांगितलंस तर तुझीही नोकरी जाईल.”

“आणि सोमवारी मी मावशींसमोर कशी उभी राहू? मला माहीतच नव्हतं असं दाखवू?”

“सगळेच दाखवतात.”

खरं सांगायचं तर मी गप्पच बसले असते. तो म्हणत होता त्यात तथ्य होतं, महिना काही कमी नसतो. पण शुक्रवारी सकाळी मावशी स्वतःच बोलल्या. वर्सोव्यातच मुलींचं एक वसतिगृह आहे, तिथलं स्वयंपाकघर सांभाळायला त्यांना विचारलं होतं. घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. सोमवारी सकाळी उत्तर द्यायचं होतं.

“नाय म्हणून सांगते,” कप विसळत त्या म्हणाल्या. “तिथं आज हाय, उद्या नाय. इथली नोकरी कशी, पक्की. तुमाला काय वाटतं, मॅडम?”

आयुष्यात मी तो वाक्प्रचार किती वेळा मराठीत आणला असेल. कधी ‘पेच’ लिहिला, कधी ‘कोंडी’. त्यात अडकलेल्या माणसाच्या तोंडाला कोरड पडते आणि त्याला आपल्याच हातातला कप जड होतो, हे मला कळलं नव्हतं. एकीकडे माझी नोकरी होती, मुलाच्या लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं, नवऱ्याचं गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. दुसरीकडे ही बाई माझा सल्ला विचारत होती.

“नाही म्हणू नका,” मी म्हणाले. “ते काम घ्या.”

“का?”

“घ्या म्हणते ना.”

त्यांनी नळ बंद केला. “मॅडम, काय झालंय?”

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. कंत्राटदार, सोमवार, महिना. म्हटलं, “आत्ता कोणाला बोलू नका. तुम्ही तुमचं काम पक्कं करा. महिन्याचा पगारही मिळेल, नवी नोकरीही हातात असेल.”

“आणि बाकीच्या?” त्यांनी विचारलं.

माझ्या डोक्यात बाकीच्या आल्याच नव्हत्या.

“त्या पोरी माझ्या भरवशावर हायेत. दोघींना तर मीच लावली इथं.” त्यांनी हात पदराला पुसले. “मी एकटी गुपचूप सटकू? जमायचं नाय ते.”

मी त्यांचा हात धरला. “मावशी, ऐका. तुमचं नुकसान होईल.”

“तुमी मला सांगितलंत ना? तुमचं नाय होणार नुकसान?” एवढं बोलून त्या पॅन्ट्रीतून बाहेर पडल्या.

जेवणाच्या सुट्टीनंतर साफसफाईच्या सगळ्या बायका आणि पॅन्ट्रीतली माणसं मॅनेजरच्या केबिनसमोर उभी राहिली. आरडाओरडा नव्हता. मावशी पुढे होत्या. मी माझ्या टेबलापाशी उभी राहून काचेतून बघत होते, दार उघडं असल्यामुळे ऐकूही येत होतं.

“साहेब, काढायचं तर काढा,” मावशी म्हणाल्या. “पण पाऊस सरेपर्यंत थांबा. आमच्या बोटी बंद हायेत. या दिवसांत दुसरं काम मिळत नाय.”

मॅनेजरचा चेहरा पडला. कित्येक दिवसांनी त्याला मराठी बोलावं लागत होतं. “हे बघा, कंपनीची पण मजबुरी आहे. मी वर बोलतो. तुम्ही आत्ता कामावर जा. सोमवारी बघू.”

त्या गेल्या. एकीने तर जाताना त्याला नमस्कारही केला. तो मान वळवून सरळ माझ्याकडे बघत होता.

सोमवारी मी पोचले तेव्हा गेटवर गर्दी होती. मावशींची आणि बाकीच्यांची गेट उघडायची कार्डं बंद केली होती. आत निळ्या शर्टातली नवी माणसं लॉबी पुसत होती. शनिवार-रविवारच्या सुट्टीत सगळं आटपलं होतं. प्रत्येकीचं सामान प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून वॉचमनच्या खुर्चीशेजारी ठेवलं होतं. डबे, छत्र्या, कंगवा, घरून आणलेल्या चपला. दोन पिशव्यांची अदलाबदल झाली होती आणि त्यावरून एक मुलगी रडत होती. महिन्याची मुदत गेली होती. कामाच्या वेळेत काम सोडून जमाव केला, हे कारण.

नोटीस गेटच्या काचेवर चिकटवली होती. मशीनने मराठी केलेली. त्यात लिहिलं होतं, ‘कंपनी सध्या एका खडकाच्या आणि एका कठीण जागेच्या दरम्यान स्थित आहे.’

मावशी ती वाचत होत्या. मला बघून म्हणाल्या, “ह्ये तुमी लिवलंत?”

“नाही मावशी.”

“खडक कुठं आला ह्यात? ह्यांची बोट फुटली काय?” मागच्या दोघी-तिघी हसल्या. मावशी हसल्या नाहीत. “काय म्हणायचंय ह्यांना?”

“म्हणायचंय की त्यांचा नाइलाज आहे.”

“ह्यांचा?” त्या म्हणाल्या, आणि परत नोटिशीकडे बघू लागल्या.

माझं कार्ड मात्र चालू होतं. लावलं तर हिरवा दिवा लागला. मागे सगळ्या बघत होत्या. मी आत गेले, लिफ्टने वर गेले आणि केबिनचं दार न ठोठावता उघडलं.

“महिना देणार होतास ना?” मी म्हणाले.

“मी देणारच होतो! नोटिशीत होता ना महिना? तू तोंड उघडलंस म्हणून गेला.” तो उभा राहिला. “वरून मला विचारलं, लीक कोणी केलं. मी काय सांगू? तुझं नाव सांगू की माझी नोकरी घालवू? तूच सांग. यू पुट मी बिट्वीन अ रॉक अँड...”

“बोलू नकोस,” मी म्हणाले. “ते वाक्य तू बोलू नकोस. ज्यांना उचलून वाळवंटात टाकलं त्यांचं आहे ते. खाली गेटवर उभ्या आहेत ना, त्यांनी बोलावं. तू नाही.”

“ड्रामा नको. एचआरला भेट.”

“माझं नाव सांगितलंस ना पण?”

तो परत खुर्चीत बसला. मग म्हणाला, “मला पण घर आहे, गं.”

हे त्याने मराठीत म्हटलं. तेवढ्या वेळापुरता तो मला पूर्वीसारखा, शेजारच्या टेबलावरचा वाटला, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

दुपारपर्यंत माझा राजीनामा लिहून घेतला गेला. सहकाऱ्यांपैकी एकानेही मान वर केली नाही. मी त्यांना दोष देत नाही असं म्हणायची पद्धत आहे. मी देते. त्यांनी निदान लिफ्टपर्यंत यायला हवं होतं.

मी खाली आले तेव्हा मावशी अजून तिथेच होत्या. एक मुलगी चक्कर येऊन बसली होती आणि तिचा भाऊ येईपर्यंत त्या थांबल्या होत्या. मी विचारलं, “वसतिगृहात गेलात का सकाळी?”

“आता जाते,” त्या म्हणाल्या.

त्या गेल्या तेव्हा उशीर झाला होता. सकाळी कोणी आलं नाही म्हणून वसतिगृहाने दुसरी बाई ठेवून घेतली होती. हे मला नंतर फोनवर कळलं. तो शेवटचा फोन. त्यानंतर मी केले, त्यांनी उचलले नाहीत.

जुलैत एका रविवारी मी वर्सोव्याला गेले. सोबत नवरा यायला तयार होता, पण मी एकटीच गेले. कोळीवाड्याच्या तोंडाशी, बाजारात, ताडपत्रीखाली मावशी बसल्या होत्या. बोटी बंद, त्यामुळे कोल्ड स्टोरेजमधला माल विकायला घेतला होता. सुरमईचे तुकडे करत होत्या. मला बघितलं आणि कोयता न थांबवता म्हणाल्या, “बोला. काय देऊ?”

“मावशी, मी भेटायला आले.”

“धंद्याची वेळ हाय.”

मी बाजूला उभी राहिले. दोन गिऱ्हाइकं झाली. मग त्याच बोलल्या, माझ्याकडे न बघता. “तुमी वाईट केलंत असं नाय म्हणत मी. पण तुमी नसतं सांगितलं तर हा महिना निघाला असता. मग नारळी पुनवेला बोट दर्यात गेलीच असती. एवढंच.”

“सांगितलं नसतं तर तुम्हाला सोमवारी कळलं असतं की मला आधीच माहीत होतं.”

“कळलं असतं तर चिडली असती. शिव्या दिल्या असत्या.” त्यांनी कोयता धुतला. “मग परत चहा दिला असता. किती दिवस चिडणार माणूस?”

“माझीही नोकरी गेली, मावशी.”

“म्हाईत हाय.” पहिल्यांदाच त्यांनी वर बघितलं. “पण तुमी मुलुंडला घरी बसता. मी इथं दुसऱ्याचा बरफाचा मासा विकते, आणि लोक माझ्या तोंडावर सांगतात, शिळा हाय. कोळणीला सांगतात.”

मी त्यांना सांगायला गेले होते की तुम्ही त्या दिवशी बाकीच्यांसाठी उभ्या राहिलात ते मी विसरणार नाही. ते वाक्य मी बसमध्ये जुळवलं होतं. तिथे, त्या ओल्या फळीसमोर, ते बोलायची हिंमत झाली नाही, आणि बरंच झालं. त्यांना त्याचा काय उपयोग होता?

“सुरमई द्या,” मी म्हणाले.

त्यांनी तुकडे पिशवीत भरले, गाठ मारली. भाव सांगितला, तो इतर गिऱ्हाइकांना सांगितला तोच. मी पैसे दिले आणि त्यांनी सुट्टे परत केले. तेवढ्यात मागून एक बाई बोंबील विचारत पुढे आली आणि मावशी तिच्याशी बोलू लागल्या. मी पिशवी घेऊन चालायला लागले.

मासे मी घरी आणून फ्रीजरमध्ये टाकले आणि बरेच दिवस त्यांना हात लावला नाही. शेवटी एकदा मी दुपारची झोपले असताना नवऱ्याने त्याच्या मालवणी पद्धतीने कालवण केलं. मला हाक मारली आणि ताट पुढे ठेवलं. “चांगली आहे गं सुरमई,” तो म्हणाला. होतीही चांगली. मी भात कालवला आणि जेवले.